धूमकेतूचं तेरा जणांचं शेपूट

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे हल्ली आठांपैकी दोन अंगं जमिनीला टेकत नाहीत. तेवढी तू आपल्या मनाने टेकवून घे.) तुझी कंबर कशी आहे? भाऊजींचा खोकला काय म्हणतो? मागच्या पत्रात, म्हणजे चार वर्षांपूर्वी, तू लिहिलं होतंस की भाऊजी रोज सकाळी फिरायला जातात आणि फिरून आले की दिवसभर त्याबद्दल बोलतात. अजून फिरतात का? बोलत असणारच. इकडे सगळं ठीक. तुझी भावजय खुशाल आहे आणि माझ्याविषयीचं तिचं मतही जागच्या जागी आहे. आता तू म्हणशील, घरात फोन असताना हा पत्राचा घाट कशाला. ताई, फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. मी "अगं, एक सांगायचं होतं" म्हणालो की तू "आता काय करून ठेवलंस" म्हणतेस, आणि पुढचा सगळा वेळ मी काहीही करून ठेवलेलं नाही हे पटवण्यात जातो. पत्राला मधे बोलता येत नाही. तर शांतपणे बस, चष्मा लाव आणि शेवटपर्यंत वाच. शेवटानंतर जे असेल तेही वाच.

बातमी अशी की मला गायला बोलावलं आहे. हसू नकोस. येत्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी, संध्याकाळी पाच वाजता, एका शाळेच्या वर्गात माझा, म्हणजे धूमकेतूचा, कार्यक्रम आहे. एक्केचाळीस वर्षांनी. चंदेरी कोट, वीतभर टाचांचे बूट, गालाला चमकी आणि हातात गिटार असा मी उभा राहायचो, त्याला जाणकार लोक ग्लॅम रॉक म्हणायचे आणि तू "चमकीचं गाणं" म्हणायचीस. जग मला विसरलं असं मी म्हणणार नाही, कारण विसरायला आधी माहीत असावं लागतं. एक तबकडी निघाली, तीनशे छापल्या, एकोणीस गेल्या (त्यातल्या चार आपल्याच नात्यात), आणि मी दातांच्या कवळ्या बनवायच्या कामाला लागलो ते आजतागायत तेच करतो आहे. दात होते तेव्हा चणे नव्हते. आता चणे आले आहेत तर वर कवळी आहे, तीही मीच बनवलेली.

हे सगळं सुरू झालं आमच्या इमारतीच्या लिफ्टमुळे. माझी कवळ्यांची खोली तिसऱ्या मजल्यावर आहे हे तू पाहिलं आहेस (आणि "इथे सगळीकडे दुसऱ्यांची तोंडं का पडली आहेत" असं विचारलं होतंस). दवाखान्यातून जबड्यांचे अकरा साचे घेऊन मी वर निघालो होतो. लिफ्ट दुरुस्त झाली असं लिफ्टवाल्या मिस्तरीने मला स्वतः सांगितलं, विश्वास पटावा म्हणून माझ्याबरोबर आत शिरला, आणि दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यांच्या मधे ती बसली ती बसलीच. आत मी, तो आणि अकरा जबडे. एक तास दहा मिनिटं. पहिली दहा मिनिटं मी त्याला त्याच्या धंद्याबद्दल माझं मत सांगितलं. मग राग आला की मी गुणगुणतो तसा गुणगुणायला लागलो. मी दुसऱ्या कोणाचं गाणं कधी गुणगुणत नाही हे तुला माहीत आहे, तेव्हा अर्थातच माझंच, "आरशा, मागे सर". दुसऱ्या कडव्यापाशी मिस्तरीने हातातला पाना खाली ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता दोरच तुटतोय. म्हणाला, "काका, हे गाणं तुम्हाला कुठून माहीत? पण चुकताय तुम्ही. मधे डुलायला पाहिजे."

मी म्हटलं, बाबा रे, मी चुकणार कसा, हे माझंच आहे, धूमकेतू तो मीच. मिस्तरीने त्या एका मिणमिणत्या दिव्याखाली मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, पोटापाशी जरा जास्त वेळ थांबला, आणि म्हणाला, "धूमकेतू तर वारले." इतक्या दुःखाने म्हणाला ताई, की माझ्या तोंडून "कधी?" निघता निघता राहिलं.

तर ऐक. आपल्या नकळत गेली एकवीस वर्षं माझे भक्त आहेत. तेरा आहेत. ते स्वतःला "शेपूट" म्हणवतात, कारण धूमकेतूमागे शेपूट असतं. (तुझी भावजय म्हणाली, नाव अगदी योग्य आहे, फक्त पुढे कोण आहे ते बघायला हवं.) एकवीस वर्षांपूर्वी या मिस्तरीला एका जुन्या इमारतीच्या लिफ्टच्या मशीनखोलीत तेलाच्या डब्याखाली माझी तबकडी सापडली. त्याने ती पुसली, घरी नेली, लावली आणि तो कामातून गेला. मग एकाचे दोन, दोनाचे पाच असं करत ही मंडळी जमली. त्यात शाळेत भूमिती शिकवणाऱ्या एक बाई आहेत, त्या शेपटाच्या चिटणीस. दर शनिवारी शाळा सुटली की त्यांच्या वर्गात सगळे जमतात, डाव्या डोळ्याखाली चंदेरी रंगाचा एक ओघळ काढतात आणि लहान बाकांवर गुडघे छातीशी घेऊन माझं गाणं ऐकतात. ओघळ कशाला, तर कव्हरवरच्या फोटोत माझ्या डोळ्याखाली तसा आहे. भूमितीच्या बाईंनी त्यावर चाळीस पानांचा निबंध लिहिला आहे, की कलावंताचा एक डोळा जगासाठी रडतो आणि दुसरा जगाकडे बघतो. आता तुला आणि मला माहीत आहे की फोटोवाल्याचा दिवा तापला होता आणि तू लावलेली चमकी घामाने खाली आली होती. पण चाळीस पानं लिहून झालेल्या बाईला हे कोणत्या तोंडाने सांगायचं? मी नुसती मान हलवली आणि डावा डोळा जरा मिटला.

मिस्तरी म्हणाला तो डुलण्याचा प्रकार तर याहून अवघड आहे. मी गाणं सरळ गायलो होतो, तू साक्षीला आहेस. पण तबकड्या छापणाऱ्याने मधलं भोक मधे पाडलंच नाही, नखभर बाजूला पाडलं. त्यामुळे तबकडी फिरताना लंगडते आणि माझा आवाज दर फेरीला वर जातो, खाली येतो, वर जातो, खाली येतो. मला तेव्हा या गोष्टीचं रडू आलं होतं. (तू म्हणाली होतीस, असू दे, निदान काहीतरी हलतंय.) शेपटाला मात्र तो डोल म्हणजेच धूमकेतू. एकवीस वर्षं ते डुलत डुलत गातात. त्यांच्यातल्या कोणी सरळ गायलं तर बाकीचे त्याच्याकडे दया आल्यासारखं बघतात. पहिल्याच बैठकीत मी उभा राहून मोठ्या अभिमानाने गाणं सरळ म्हटलं, आणि वर्गात अशी शांतता पसरली की मागच्या बाकावरच्या गृहस्थांच्या पोटात गुडगुडलं ते मला फळ्यापाशी ऐकू आलं. मग बाईंनी मला खाली बसवलं आणि माझंच गाणं मला शिकवायला घेतलं. हातात पट्टी होती. मी भोकाची गोष्ट सांगून पाहिली, तर एकजण हळूच दुसऱ्याला म्हणाला, बघा, खऱ्या धूमकेतूला स्वतःच्या कलेबद्दल असं बोलवलं असतं का?

त्या दिवसापासून शेपटाचे दोन तुकडे झाले आहेत. सात जण म्हणतात मीच तो. त्यांना मी हयातवाले म्हणतो. सहा जण म्हणतात धूमकेतू केव्हाच वारले आणि हा कोणीतरी कवळीवाला संधी साधून घुसला आहे. हे वारलेवाले, आणि त्यांच्या पुढारी भूमितीच्या बाई. (हयातवाल्यांपैकी एकजण फक्त चहापुरता येतो, त्यामुळे बहुमत दर आठवड्याला चहावर अवलंबून असतं.) ताई, आयुष्यभर मला कोणी विचारलं नाही त्याचं मी वाईट वाटून घेतलं नाही. पिकतं तिथं विकत नाही म्हणायचो आणि पॉलिशचं चाक सुरू करायचो. पण माझे म्हणून जे तेरा जण आहेत त्यातल्या सहांनी मला माझा तोतया म्हणावं हे मला लागलं. मी घरी येऊन तुझ्या भावजयीला म्हटलं, मी मी आहे हे सिद्ध कसं करायचं? ती भाजी निवडत होती. म्हणाली, तुम्ही दुसरे कोणी असता तर मी तेव्हाच कळवलं असतं.

मिस्तरी मात्र हयातवाल्यांचा म्होरक्या आणि जिवाला जीव देणारा माणूस. त्याला यंत्राच्या भाषेतच सगळं कळतं. तो म्हणाला, काका, डोल जमत नाही ना, मग आपण तुम्हालाच फिरवू. माझ्या खोलीतलं गोल फिरणारं स्टूल त्याने जिन्यावरून शाळेत नेलं (लिफ्ट बंद होती), मला त्यावर बसवलं, माईक समोर एका जागी ठेवला, आणि तबकडीच्या गतीने मला गरगर फिरवायला लागला. तोंड माईककडे आलं की आवाज मोठा, पाठ आली की बारीक. पहिलं कडवं अप्रतिम झालं. वारलेवाल्यांपैकी दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं, बाईंची पट्टी खाली आली. दुसऱ्या कडव्यापासून मला वर्ग फिरताना दिसत होता आणि सकाळचा नाश्ताही परत भेटायला येतो की काय असं वाटायला लागलं होतं, पण इरेला पेटलो होतो. शेवटच्या "सर"ला मी तोंड उघडलं आणि वरची कवळी सुटली ती थेट तिसऱ्या रांगेत. स्टूल थांबेपर्यंत कोणीतरी ती उचलली होती. पुढच्या आठवड्यात पाहतो तर ती निळ्या मखमलीच्या डबीत, खाली नाव आणि तारीख. मी दात परत मागितले तर म्हणाले ते आता शेपटाचे आहेत. बरं, मी खरा की खोटा हे ठरलं नव्हतं तरी दात मात्र दोन्ही गटांनी एकमताने खरे धरले. चार दिवस मी पेज आणि कढण यांवर काढले, नवी कवळी होईपर्यंत. अति तिथं माती म्हणतात ती हीच.

आता मुद्द्याचं. वारलेवाल्यांनी अट घातली आहे. डोल स्टुलावर होतो, तेव्हा तो पुरावा धरता येत नाही. पण गाण्याच्या शेवटी जी किंकाळी आहे, ती करून दाखवा. शनिवारी, सगळ्यांसमोर. ती जमली तर तेराच्या तेरा जण मला धूमकेतू मानतील. नाही जमली तर मी कवळीवाला, शेपटात पुन्हा पाऊल ठेवायचं नाही, आणि दात तरीही परत मिळायचे नाहीत. बाईंनी ती किंकाळी घड्याळ लावून मोजली आहे, अकरा सेकंद. त्या म्हणतात तसा आवाज माणसाच्या गळ्यातून आयुष्यात एकदाच निघतो. कोणी म्हणतं मला तेव्हा विजेचा झटका बसला असणार, कोणी म्हणतं प्रेमभंग. सगळ्या तालमींत मी ती किंकाळी गाळली आणि घसा राखून ठेवलाय असं सांगितलं. त्यावर त्यांनी मला मफलर भेट दिला. भर उन्हाळ्यात मी तो गुंडाळून हिंडतो आहे आणि खाई त्याला खवखवे अशी माझी अवस्था आहे. त्या किंकाळीबद्दल तुझ्यामाझ्यात जे आहे ते मी इथे लिहीत नाही, कारण पत्रं भाऊजी मोठ्याने वाचून दाखवतात.

तर तू शनिवारी यावंस अशी माझी फार इच्छा आहे. सहज, भावाचं कौतुक बघायला म्हणून. भाऊजींना आणलंस तरी चालेल, फक्त त्यांनी मधे खोकू नये (बाई खोकला वहीत लिहून ठेवतील). तुझी भावजय येणार नाही म्हणते, पण त्या दिवशी नेसायची साडी काढून ठेवली आहे. भाच्यांना आशीर्वाद, आणि भाऊजींना जेवढा नमस्कार त्यांच्या वयाला शोभेल तेवढा.

तुझा धाकटा भाऊ,
(शनिवारपर्यंत तरी) धूमकेतू

ता. क. येताना एक वस्तू आण. माझा चंदेरी कोट कापून तू इस्त्रीच्या टेबलाला जे कव्हर शिवलंस ते अजून आहे ना? तेच आण. त्यावर भाऊजींच्या शर्टांनी चाळीस वर्षं जे काही केलं असेल ते असू दे, अंगावर पांघरून घेईन, लांबून कळणार नाही. तबकडी निघाली त्याच आठवड्यात तू तो कोट कापलास. कापड उष्णतेला चांगलं आहे, एवढंच म्हणालीस. मी का म्हणून विचारलं नाही. आणि कुंड्यांखाली ठेवलेल्या तबकड्यांपैकी दोनतीन धुऊन आण. भोक आयतं आहे, पाणी छान निथळतं, असं तू म्हणाली होतीस, पण हे बाईंपुढे म्हणू नकोस, त्यांना भोवळ येईल.

दुसरा ता. क. भाऊजी जिथे असतील तिथून बाजूला हो आणि हे एकटी वाच. ताई, ती किंकाळी करायला ये. वर्गात चाकांचा मोठा फळा आहे. तू त्याच्यामागे उभी राहा, मी पुढे तोंड उघडतो, अकरा सेकंदांचं काम आहे. कोणाला कळायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. तुझ्या गळ्याची काळजी मला वाटत नाही, तू अजून वरच्या मजल्यावरून भाऊजींना हाक मारतेस तेव्हा रस्त्यावरचे अनोळखी लोकसुद्धा "आलो" म्हणतात. तो दिवस मला अजून स्वच्छ आठवतो. सकाळपासून सहा वेळा माझा आवाज त्याच जागी फाटला होता, रेकॉर्डिंगवाला सामान आवरायला लागला होता, आणि कोटाची चेन पाठीवर उसवली म्हणून तू माझ्यामागे टाके घालत उभी होतीस. सातव्यांदा माझा आवाज फाटला तेव्हा तू ओठांतली सुई काढलीस, माझ्या खांद्यावरून तोंड पुढे केलंस, ती किंकाळी दिलीस, आणि सुई परत ओठांत धरून उरलेले टाके घातलेस. जसं काही दूध उतू जात होतं ते खाली उतरवलंस. रेकॉर्डिंगवाला म्हणाला, झालं. मी त्याला म्हटलं, हे कोणाला सांगू नका. तू ऐकलंस. कव्हरवर तुझं नाव घालायला जागा उरली नाही असं मी तुला नंतर सांगितलं, आणि तू "बरं" म्हणालीस. तेव्हापासून मी फोन केला की तू "आता काय करून ठेवलंस" विचारतेस. तर ये. फळा बराच मोठा आहे.

तिसरा ता. क. (मंगळवार. पत्र टाकायचं राहून गेलं होतं, बरंच झालं.) वरचा दुसरा ता. क. रद्द समज. काल मी पाकिटाला डिंक लावत बसलो होतो आणि मिस्तरी आला, लिफ्ट पुन्हा बसली होती म्हणून. कोणाला पत्र म्हणाला, मी म्हटलं ताईला. तो स्टुलावर बसला आणि आपणहून सांगायला लागला. तबकडी सापडली त्या वर्षी त्याची आई गेली होती. लहानपणी तो खाली खेळत असला की ती चौथ्या मजल्याच्या खिडकीतून जेवायला हाक मारायची. तबकडी लावली, गाणं त्याला विशेष वाटलं नाही (हे त्याने माझ्या तोंडावर सांगितलं), पण शेवटी ती किंकाळी आली आणि त्याला वाटलं, आपल्याला कोणीतरी वरून हाक मारतंय. एकवीस वर्षं तो तेवढ्यासाठी आख्खं गाणं ऐकतो. म्हणाला, काका, मला कळत नाही, बाप्याच्या गळ्यातून अशी हाक निघाली कशी? ताई, तुला खरं वाटणार नाही, पण मला खोटं बोलवेना. मी सांगून टाकलं, सुईसकट.

मिस्तरीने पाना पिशवीत टाकला, काढला, परत टाकला. मग मला घाबरत घाबरत विचारलं, "त्या आहेत?" मी म्हटलं आहेत, या वेळेला इस्त्री करत असतील. तो जिन्यावरून धावत गेला. लिफ्ट तशीच बंद आहे.

संध्याकाळी शेपटाची तातडीची बैठक झाली आणि एकवीस वर्षांत प्रथमच ठराव एकमताने झाला. वारलेवाले म्हणाले, आम्ही सांगत होतो, हा तो नव्हे. हयातवाले म्हणाले, आम्ही सांगत होतो, धूमकेतू हयात आहे. दोघंही खरे ठरले, एकमेकांना मिठ्या मारल्या, चहावाल्या सभासदाने दोनदा चहा घेतला. डोळ्याखालचा ओघळ सगळ्यांनी पुसून टाकला आहे. यापुढे ते ओठांत सुई धरून बसणार आहेत, त्यामुळे बैठकी फार शांत होतील. बाईंनी चाळीस पानं फाडली आणि नव्या निबंधाला सुरुवात केली, त्यात माझा उल्लेख "अडथळा" असा आहे. कार्यक्रमाचा कागद नव्याने लिहिला गेला. वर ठसठशीत तुझं नाव, आणि अगदी तळाला, जिथे छापखान्याचा पत्ता असतो तिथे, "सोबत: बंधू". तुझ्या भावजयीने तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाली, कानामागून आली आणि तिखट झाली. मग तिने साडी बदलून त्याहून चांगली काढली.

म्हणून आता माझी विनंती वेगळी आहे, आणि खरी तेवढीच आहे. तू ये आणि पुढे उभी राहा. मला फळ्यामागे उभं राहू द्या एवढं त्यांना तुझ्या तोंडून सांग, माझ्या शब्दाला तिथे आता किंमत नाही. मी उरलेलं गाणं गाईन, सरळ किंवा डुलत, ते म्हणतील तसं. आणि इस्त्रीचं कव्हर तूच अंगावर घे. कापड मूळचं तुझंच आहे.

चौथा ता. क. बाईंनी काल तबकडीचं कव्हर फळ्यावर टाचून पट्टीने मोजलं. माझ्या डाव्या बुटाखाली साडेसात सेंटिमीटर कोरी जागा आहे. त्यांना हे काल कळलं. मला एक्केचाळीस वर्षं माहीत होतं.